पाणी वर, लोटी खाली

आमच्या भागात कुठल्याही गावात जा आणि गाव कसं वसलं म्हणून विचारा. एखादा राजा शिकारीला आलेला असतो, त्याच्या कुत्र्यावर एक ससा उलटलेला असतो, आणि ही जागा साधीसुधी नव्हे असं म्हणून राजानं तिथं गाव बसवलेलं असतं. इतके राजे आणि इतके शूर ससे आले कुठून, हे कोणी विचारत नाही. आमच्या माळपेठेला राजाही नाही आणि ससाही नाही. आमचं गाव उंदरांनी बसवलं.

हसू नका. एकोणीसशे तीनच्या सुमाराला नेरलहट्टीत घराघरांत उंदीर मरून पडायला लागले. नेरलहट्टी म्हणजे आमचं जुनं गाव, निपाणी आणि बोरगावच्या मधल्या पट्ट्यात, ओढ्याच्या काठी खोलगटात वसलेलं. प्लेग आला हे कळायला वैद्य लागला नाही. सरकारी हुकूम सुटला की घरं सोडा, कौलं उतरवा, आत ऊन येऊ द्या. माणसं गुरंढोरं, जाती-उखळं घेऊन वरच्या माळावर गेली आणि कडब्याच्या झोपड्या घालून राहिली. साथ ओसरली तशी बहुतेक जण खाली परतली. काही परतली नाहीत. त्या न परतलेल्यांचं गाव म्हणजे माळपेठ.

पण नुसतं न परतल्यानं गाव होत नाही. गावाला पाणी लागतं, आणि माळावर पाण्याचा थेंब नव्हता. तरी आज इथं बाजार आहे, शाळा आहे, तंबाखूच्या वखारी आहेत, आणि निवडणुकीला उभं राहायला प्रत्येक गल्लीत दोन-दोन माणसं आहेत. हे सगळं ज्या बाईमुळं झालं तिचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. म्हणून मी लिहायला बसलोय. तिचं नाव चंदना. अख्खा माळ तिला आक्का म्हणायचा. माझी आई नागुबाई तिची शेजारीण, मधे एक कुडाची भिंत तेवढी. इथली बरीचशी हकिकत आईच्या तोंडची आहे. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

आक्का बोरगावची, जैनाघरची लेक. कुंथुनाथ नावाच्या शेतकऱ्याशी लग्न होऊन आली आणि हळद उतरायच्या आत प्लेगानं तिला झोपडीत आणून बसवलं. साथ गेली तरी कुंथुनाथ खाली जायला तयार होईना. त्याचे वडील खालच्या घरात प्लेगानं गेले होते. सासू तारामती म्हणाली, त्या घराच्या उंबऱ्यावर मी पुन्हा पाय ठेवायची नाही. मग आक्का तरी कुठं जाणार? ती माळावर राहिली. बोलायला मराठी, देवापुढं कानडी, आणि फार राग आला तर तीही कानडीच.

आता तिच्या पाण्याचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथंच आहे. जैनांत पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पण गाळून झालं की काम संपत नाही. फडक्यात डोळ्याला न दिसणारे जीव अडकलेले असतात. फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुऊन, ते पाणी लहान लोटीत घ्यायचं आणि जिथून पाणी आणलं तिथंच परत नेऊन सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही. ज्या पाण्यात जन्मले त्याच पाण्यात. तेही वरून भसकन ओतायचं नाही; लोटी दोरीनं पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग कलंडायची.

माळाची सगळी माणसं तेव्हा खालच्या गावाच्या थोरल्या विहिरीवरून पाणी आणायची. सकाळी घागरी वर यायच्या, आणि दुपार कलली की आक्का लोटी घेऊन उतार उतरायची. सगळ्या बाया तिला चिडवायच्या. माझी आई सगळ्यांत पुढं. "निघाली बगा, किडामुंग्यास्नी म्हायेराला पोचवाय!" आक्का हसायची आणि वाटेला लागायची.

तंबाखूच्या गाड्या निपाणीला जायच्या त्या माळावरच्या वाटेनं. बैल तिथं दमायचे. आक्का झोपडीच्या सावलीला गाळलेल्या पाण्याचे दोन डेरे भरून ठेवायची, येईल त्यानं प्यावं. आक्काकडचं पाणी गाळलेलं म्हणून गार लागतं, असं गाडीवान सांगायचे. गाळल्यानं पाणी गार होत नाही, सावलीत ठेवल्यानं होतं. पण गाडीवानांशी कोण वाद घालणार? गाड्या थांबायला लागल्या तसा एकानं चुरमुरे-फुटाण्याचं दुकान मांडलं. मग बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारणारा आला. त्याच्यामागून दोरखंडवाला आला. होता होता खालच्या गावचा गुरुवारचा बाजार, जो कैक पिढ्या पाटलांच्या दारात भरायचा, तो एके वर्षी उतारावर पसरला आणि पुढच्या वर्षी सगळाच्या सगळा वर आला. कोणी आणला नाही. बाजाराला पाय असतात, तो आपला आला.

खालचे पाटील म्हणजे भावकू पाटील. तेव्हा चाळिशीचे, अंगानं थोराड, शब्दाला पक्के. आता, शब्दाला पक्का माणूस आणि हटवादी माणूस यांत फरक काय, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावं. दारातला बाजार उठलेला बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ऐन उन्हाळ्यात ते थोरल्या विहिरीवर आले, लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "बाजार न्हेलासा. आता पाणी न्हिऊन दावा." त्या दिवसापासून माळाला पाणी बंद.

ओढा आटलेला. नदी लांब, गाडी भरून आणायची म्हटलं तर बैलांचा अर्धा दिवस तिकडंच. माळावर विहीर खणायला घेतली होती, पण पुरुषभर खोलीला काळा खडक लागला आणि पहारी बोथट झाल्या. पोरं रडायला लागली. गुरं दावणीला हंबरायला लागली. काही जण सामान बांधायच्या गोष्टी बोलू लागले. माळपेठ त्याच उन्हाळ्यात संपायची, इतकं ते जवळ आलं होतं.

तेव्हा माझे वडील गुंडू आणि कुंथूअण्णा यांनी एक पराक्रम केला. पहाटे पाटील उठायच्या आत गाडीत घागरी घालून, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून, ते थोरल्या विहिरीवर गेले आणि चोरून पाणी भरून आणलं. घरोघरी एकेक घागर वाटली. कोणी विचारलंच तर नदीचं सांगायचं ठरलं होतं. सगळा विचार दोघांनी केला होता. फक्त आक्काच्या लोटीचा केला नव्हता.

आक्कानं पाणी गाळलं, लोटी भरली आणि अंगणात येऊन विचारलं, "कुठलं पाणी ह्ये?"

"नदीचं," माझे वडील म्हणाले.

"कुठल्या घाटाचं? लोटी तितंच सोडाय पायजे."

वडिलांनी कुंथूअण्णांकडं बघितलं. कुंथूअण्णांनी बैलाकडं बघितलं. कुंथूअण्णाही जैनाचंच पोर. चोरी केली ती केली, पण खोटा घाट सांगून जिवांना परक्या पाण्यात टाकायचं, एवढं काही त्यांच्यानं होईना. शेवटी ते पुटपुटले, "थोरल्या विहिरीचं."

आक्कानं डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. कुंथूअण्णा वाटेत आडवे झाले.

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे गं. लोटी घिऊन गेलीस तर चोरी आपल्याच तोंडानं सांगितल्यागत व्हईल. पाटील फौजदाराला आणतील. सगळा माळ उठवतील."

"चोरी तुमी केलासा," आक्का म्हणाली. "त्या जिवांनी काय केलंय?"

ती गेली. माझी आईही मागून गेली, तमाशा बघायला असं ती स्वतःच कबूल करायची. विहिरीवर पाटील कट्ट्यावर बसलेले, भोवती गावातली चार माणसं.

"पाणी बंद केलंय, ठाऊक न्हाय?" पाटील म्हणाले.

"न्यायला न्हाय, आप्पा. परत द्यायला."

"काय परत द्यायला?"

"पाण्यातलं जीव. आज सकाळी हितनं पाणी न्हेलंय, त्यातलं."

भोवतीची माणसं एकदम उठली. चोर, चोर असा गलका झाला.  नवऱ्याला बेड्या पडल्याच असं आईला वाटलं. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कुणी न्हेलं?"

"माझ्या घरच्यांनी."

माझ्या वडिलांचं नाव तिनं घेतलं नाही. आई ही गोष्ट सांगताना इथं दर वेळी थांबायची.

पाटलांनी लोटीत वाकून बघितलं. "ह्यात तर कायबी दिसत न्हाय."

"मलाबी दिसत न्हाय."

"मग?"

"दिसत न्हाईत म्हणून नसत्यात व्हय, आप्पा?"

 पाटील बाजूला सरकले. आक्कानं काठावर ओणवून लोटी सोडली, पाण्याला टेकवली, कलंडली, वर घेतली. एवढ्या गलक्यात तिचा हात जरासुद्धा हलला नाही, असं आई सांगायची. आईच्या सांगण्यात मीठमसाला असायचा, पण हे मला खरं वाटतं.

"चोरून न्हेल्यालं परत आणून देणारं मानूस म्या पयल्यांदाच बगतोय," पाटील म्हणाले. मग त्यांना भोवतीच्या माणसांचं भान आलं असावं. पाटलानं नुसतं विरघळून कसं चालेल? ते कट्ट्यावर उभे राहिले. "ऐका. पाणी वर जाईल. पन रोज ही लोटी खाली आली पायजे, आनि हिच्याच न्हायतर हिच्या सासूच्या हातनं. ज्या दिशी लोटी न्हाय, त्याच्या दुसऱ्या दिशी पाणी न्हाय."

पाणी वर, लोटी खाली. तेव्हापासून आमच्याकडं ही म्हणच झाली. देण्याघेण्याचा व्यवहार ठरला की आमची माणसं अजून तेच म्हणतात.

पाटलांचं हे औदार्य की कावा, यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. मला वाटतं दोन्ही. बाजार गेला तरी माळाचं एक माणूस रोज खाली येऊन आपल्यासमोर उभं राहतं, एवढा मान त्यांना पुरला. माळाला पाणी मिळालं. आणि ह्या सगळ्याची दोरी एका बाईच्या पायाला बांधली गेली, ह्याचा विचार कोणीच केला नाही.

आक्का रोज जायची. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन जायची, उन्हात पायाला पळसाची पानं बांधून जायची. बाळंतपणात सासू तारामती जायची. जिथून आक्का चालायची तिथं पायवाट झाली, पायवाटेची गाडीवाट झाली. लोकांनी घरं बांधली ती त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी. आज माळपेठेचा मुख्य रस्ता मधेच वाकडा होतो आणि परगावचे लोक आम्हाला त्यावरून हसतात. तिथं एक खडक होता आणि आक्का त्याला वळसा घालून जायची. खडक केव्हाच फोडला, वळसा राहिला.

मग तारामती वारली. आता लोटी न्यायला आक्काशिवाय दुसरं कोणी राहिलं नाही. आणि पुढच्याच उन्हाळ्यात बोरगावहून तिचा भाऊ भुजबली गाडी घेऊन आला. आई अंथरुणाला खिळलीय, तुझं नाव घेतीय, चल म्हणाला.

बोरगावला जाऊन, आईजवळ थांबून यायचं म्हणजे तीन-चार दिवस मोडणार. आक्का गाडी थांबवून खाली गेली. पाटील कट्ट्यावर होते, आणि त्या दिवशी नेमकी सगळी भावकी भोवती जमली होती. आक्का म्हणाली, "आप्पा, आई बरी न्हाय. चार दीस सोडा. नागूच्या हातनं लोटी धाडतो." आमच्याकडं बायकाही येतो-जातो असंच बोलतात.

पाटलांनी एकदा भोवतीच्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द."

ती परत आली. माळाची माणसं अंगणात जमली. "तू जा आक्का, आमी नदीवरनं आणतो की पाणी," सगळे म्हणाले. तोंडानं म्हणाले. एकानंही गाडी जुंपली नाही, एकानंही घागर उचलली नाही. बाजार दुसऱ्याच दिवशी होता, उन्हाळा कडक होता, आणि प्रत्येकाच्या घरात तान्हं पोर होतं. माझे आई-बापही त्यांतलेच. पाटलांना दोष देऊन आपण मोकळं व्हायचं, ही आमच्या माळाची खोड जुनी आहे. आक्कानं एकेकाचं तोंड बघितलं. मग भावाला म्हणाली, "जा तू. आईला सांग, येतो म्हणून." भुजबली उन्हं उतरेपर्यंत थांबला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

बाजार भरता भरता आई गेल्याचा निरोप आला. आक्का अंगणात बसून "अव्वा, अव्वा" करत रडली. एवढी मोठी बाई, दोन पोरांची आई, लहान पोरीसारखी रडली. माझ्या आईनं तिला पोटाशी धरलं. आणि दुपार कलली तशी आक्का उठली, तोंड धुतलं आणि लोटी घेतली.

"आज नगं जाऊस," आई म्हणाली. "मरू दे त्यो पाटील."

"पाटलासाठनं न्हाय," आक्का म्हणाली. "जीव खोळंबल्यात."

विहिरीवर जाऊन तिनं लोटी सोडली, दोरी गुंडाळली आणि मग म्हणाली, "आप्पा, आई गेली."

पाटील बसल्या जागेवरून उठून उभे राहिले.  माझ्या आईनं आयुष्यात पाटलांना शब्द सापडत नाही असं तेवढं एकदाच पाहिलं. मग ते म्हणाले, "उद्यापासनं येऊ नगंस. पाणी न्या. कुणी आडवनार न्हाय."

"त्ये आता सांगतासा," आक्का म्हणाली आणि वर आली.

मला पाटलांचा आजही राग येतो. त्यांच्याबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते लिहितानाही तो राग गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा लोटी घेऊन गेली. आता अट नव्हती, पण जीव होतेच. फरक एवढाच झाला की पूर्वी ती पाटलांना दोन शब्द बोलायची, ते बंद झालं. ती यायची तेव्हा पाटील उठून उभे राहायचे आणि ती जाईपर्यंत उभेच असायचे. गाव बघायचं. 

एकोणीसशे एकतीस साली माळावरच्या विहिरीनं अखेर खडक सोडला. सुरुंगाच्या दारूनं फोडत फोडत गेले आणि एका सकाळी खालून झरा फुटला. माणसं वेडी झाली. ओटी भरली, नारळ फुटले, गूळ वाटला. महारवाड्याच्या बायकांना मात्र तिथंही लांब उभं राहून कोणी घागर भरून देईल म्हणून वाट बघायला लागली. नव्या विहिरीला आम्ही जुनीच रीत लावली. गावाचा इतिहास सांगायचा तर हेही सांगितलं पाहिजे.

आता आक्का सुटली, असं सगळे म्हणाले. विहीर तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पाणी तिथलं, लोटीही तिथंच. पण आक्का रोज दुपारी एक लहान घागर घेऊन खाली जायचीच. थोरल्या विहिरीचं पाणी भरून आणायची, गाळायची आणि दुसऱ्या दिवशी लोटी परत न्यायची.

खालचं गाव तोवर ओस पडायला लागलं होतं. कौलं आणि वासे उतरवून माणसं एकेक करून वर येत होती. पाटलांच्या दोन्ही मुलांनी बाजारात दुकानं घातली. पाटील एकटे खालच्या घरात राहिले, सून दोन्ही वेळचं जेवण पाठवायची. दिवसभर ते विहिरीवर लिंबाखाली बसलेले असायचे. तिथं पाणी भरायला आता आक्काशिवाय कोणी येत नव्हतं.

आईनं एकदा तिला खडसावलं. "दारात हीर आसताना तंगड्या कशाला मोडतीस गं?"

"उपसली न्हाय तर हीर मरती," आक्का म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "त्येनं मला आईचं तोंड बघू दिलं न्हाय, नागू. ते मी मरस्तवर इसरायची न्हाय. पन त्येच्याकडं आता कोन जातंय?"

मग सत्तेचाळीस साल आलं. श्रावणात शाळेसमोर झेंडा लागला. निपाणीहून पुढारी आले, पोरांना साखर वाटली. जुन्या गावचे पाटील म्हणून भावकू पाटलांना मानानं बोलावणं गेलं, खुर्ची मांडून ठेवली. त्यांनी निरोप पाठवला की मी काही माळावर येत नाही. प्लेगच्या झोपड्या सोडून खाली उतरल्यापासून ते कधी माळावर आलेच नव्हते. मुलांच्या दुकानांची वास्तुशांत झाली तेव्हा नाही, नातवाच्या बारशाला नाही. खुर्ची रिकामी राहिली.

त्याच महिन्यात आक्का थंडीतापानं पडली. हुडहुडी भरायची, चार गोधड्यांत थांबायची नाही. दुपारी उठायला गेली आणि उंबऱ्यातच बसली. सुनेनं तिला परत अंथरुणावर घातलं. त्या दिवशी लोटी खाली गेली नाही. माळावर कोणाच्या ध्यानातही आलं नाही. घरोघरी नव्या विहिरीचं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, बाजाराचा दिवस. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो, सुट्टी होती म्हणून मिरच्या घ्यायला बाजारात उभा होतो. उताराच्या तोंडाला गलका थांबत आल्यासारखा वाटला. बघतो तो भावकू पाटील वर येतायत. सत्तरी उलटलेला माणूस, एका खांद्यावर घागर, दुसऱ्या हातात काठी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. पावसानं वाट निसरडी झाली होती. घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या पाठीवरून वाहत होतं. त्यांचा थोरला मुलगा दुकानातून धावत आला आणि घागर घ्यायला लागला. पाटलांनी त्याचा हात झटकला.

माझ्यासमोर येऊन ते थांबले. धाप लागली होती. म्हणाले, "मास्तर, चंदनाक्काचं घर कुठलं?"

इतकी वर्षं ती रोज त्यांच्या दारात येत होती आणि त्यांना तिचं घर ठाऊक नव्हतं. मी पुढं झालो. बाजार दोन्ही बाजूंना उभा होता. ते वाटेत कोणाकडंही न बघता चालले.

आक्का सोप्यात झोपली होती. पाटलांनी घागर उतरवली, काठी भिंतीला लावली आणि उंबऱ्यापाशी उकिडवे बसले.

"काल आली न्हाईस."

"ताप हाय, आप्पा."

"पाणी आणलंय. थोरल्या हिरीचं."

आक्का उठून बसायला लागली. सून म्हणाली, मी गाळते. आक्कानं मान हलवली आणि फडकं मागितलं. फडक्याचं एक टोक तिच्या मुठीतून सारखं सुटत होतं. पाटील पुढं सरकले आणि ते टोक त्यांनी धरलं.

"दुहेरी धरा," आक्का म्हणाली.

पाटलांनी फडकं दुहेरी धरलं. सुनेनं घागर कलती केली. पाणी गाळून झालं, फडकं उलटं करून धुतलं, लोटी भरली. आक्का एवढ्यानंच दमली आणि भिंतीला टेकली. गाळलेल्या पाण्यातला एक घोट सुनेनं तिला पाजला. सोप्यात आम्ही सगळे नुसते उभे.

पाटील खाली मान घालून म्हणाले, "त्या वक्ताला जा म्हणाय पायजे हुतं म्या. मनात आलतं. चार मानसं बसल्याली, जीभ वळली न्हाय."

 आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

पाटलांनी हात पुढं केला. "आन ती लोटी. आज मी न्हेतो खाली."

आक्कानं लोटी त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "सांबाळून सोडा, आप्पा. पाण्याला टेकल्याबिगर कलंडू नगासा."

"व्हय," पाटील म्हणाले आणि उठले.

मी काठी घेऊन त्यांच्यामागं गेलो, पण ती धरायला त्यांना हातच मोकळा नव्हता. लोटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. वाट निसरडी, उतार मोठा. म्हातारा पावलापावलाला थांबत होता, लोटीत बघत होता आणि पुढचं पाऊल टाकत होता.